मापाची गाडी

स्कूटर घेतली म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. ‘अॅव्हरेज किती देते?’ दुसरा, ‘ऑनरोड केवढ्याला पडली?’ आणि तिसरा, खास मुलींसाठी राखून ठेवलेला, ‘कलर कुठला घेतलास?’ बस्स. इंटरव्ह्यू संपला!

गंमत बघा. साधी जीन्स घ्यायला गेलो तरी आपण तीन साईज ट्राय करतो. ट्रायल रूममध्ये उठून-बसून बघतो. बूट घालून दुकानभर दोन चकरा मारतो. पण जिच्यावर रोजचे दोन तास जाणार, जी आपल्याला भर पावसात ट्रकच्या शेजारून घेऊन जाणार, त्या गाडीवर शोरूममध्ये आपण जेमतेम अर्धा मिनिट बसतो. तेही ती मेन स्टँडवर उभी असताना! मागे कोण बसणार, त्या माणसाला तर शोरूममध्ये कुणी घेऊनच जात नाही.

मी मात्र सगळं विचारलं. सेल्समन कंटाळेपर्यंत विचारलं. त्याला कारणं दोन. एक, माझी उंची ५ फूट आणि वजन ४८ किलो. मी फ्रीलान्स पत्रकार. आज हिंजवडी, उद्या कॅम्प, परवा कात्रजच्या पलीकडे कुठेतरी. म्हणजे ऑफिसला जाणाऱ्या माणसाचा एक ठरलेला रस्ता असतो, तसा मला नाही. खड्डे रोज नवे!

दुसरं कारण आई.

बाबा होते तोवर आई त्यांच्या मागे आडवी बसून अख्खं पुणं फिरली. बाबा गेल्यानंतरही ती थांबली नव्हती. बुधवार-शनिवार सदाशिव पेठेत पेटीचा क्लास, महिन्यातून एकदा मंडई, अधूनमधून नाटक. मग तीन वर्षांपूर्वी मामाच्या गाडीवरून येताना पट्टे न मारलेल्या एका स्पीडब्रेकरवर ती मागच्या मागे घसरून पडली. रात्रीची वेळ, स्पीडही फार नव्हता, मामाचा काही दोष नव्हता. मनगट मोडलं. दीड महिन्यात प्लास्टर निघालं, पण आई परत टू-व्हीलरवर बसली नाही. आधी रिक्षाने जायची. मग ‘कशाला उगाच जाऊन-येऊन तीनशे रुपये’ म्हणत शनिवारचा क्लास बंद झाला. मग बुधवारचा. पेटीवर कव्हर चढलं. दोन वर्षांत आईचं पुणं आमच्या कोथरूडच्या गल्लीएवढं झालं, अन् हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही.

त्यामुळे माझी जुनी गाडी काढून नवी घ्यायची वेळ आली तेव्हा प्रश्न ‘अॅव्हरेज किती’ हा नव्हताच. प्रश्न होता, ५ फुटाच्या मुलीला नीट हाताळता येईल आणि ५९ वर्षांच्या आईला मागे बसायची भीती वाटणार नाही, अशी स्कूटर मिळते का? आणि तयार मिळत नसेल, तर ती बनवता येते का?

पाय कुठे टेकतात?

सुरुवात सीटपासून. गाडीच्या ब्रोशरमध्ये अगदी शेवटी, बारीक अक्षरात ‘सीट हाईट’ दिलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक ११० सीसी स्कूटर्समध्ये ती ७६० ते ७७० मिलिमीटर असते, म्हणजे साधारण अडीच फूट. १२५ सीसीतल्या काही ७८० पर्यंत जातात. दहा-पंधरा मिलिमीटरने काय फरक पडतो, असं उंच लोकांना वाटतं. आम्हाला विचारा! सिग्नलला चवडे टेकणं आणि अख्खं पाऊल टेकणं यात तेवढाच फरक असतो. चढावर, मागे कुणी बसलेलं असताना, त्या एवढ्याशा फरकावर गाडी उभी राहणार की कलंडणार ते ठरतं.

पण मी चार शोरूम्स फिरल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नुसती उंची बघून उपयोग नाही. सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे, तेही बघायला हवं. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत, मग कागदावर उंची कमी का असेना. म्हणून शोरूममध्ये गाडी स्टँडवरून खाली काढायला लावायची. बसायचं, दोन्ही पाय टेकवायचे. मग उतरून तीच गाडी हाताने ढकलत पार्किंगमधून उलटी बाहेर काढून बघायची. या गाड्यांचं वजन १०५ ते ११० किलोच्या आसपास असतं. माझ्या दुपटीहून जास्त! चालवताना ते कळत नाही, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून काढताना चांगलंच कळतं.

आणि हो, हँडल पूर्ण वळवून बघा. गुडघ्याला लागतं का? ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं आरामात पोचतात का? लहान हातांना काही गाड्यांचे लिव्हर इतके लांब असतात की दोन बोटांनी ब्रेक मारताच येत नाही.

छोटं चाक, मोठा खड्डा

पुणेकरांना स्कूटरचं प्रेम शिकवावं लागत नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून ‘चेतक’ निघायची, तिच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. बाबांच्या चेतकवर पुढे उभी राहून मी बालवाडीत गेलेय. गाडी सुरू होत नसली की बाबा ती एका बाजूला तिरकी करायचे अन् मग किक मारायचे. पुढे १९८४ मध्ये ‘कायनेटिक होंडा’ आली, बिनगिअरची, बटणाने सुरू होणारी. तिने शहरातल्या बायकांच्या हातात किल्ली दिली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. २००१ मध्ये ‘अॅक्टिव्हा’ आली आणि पुढचा इतिहास तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा आहे. २०२० च्या जानेवारीत ‘चेतक’ही परत आली, ती इलेक्ट्रिक होऊन.

या एवढ्या वर्षांत गिअर गेले, किक गेली, पण एक गोष्ट फारशी बदलली नाही. स्कूटरचं इंजिन. मोटरसायकलचं इंजिन मधोमध फ्रेमला बसवलेलं असतं. आपल्या बिनगिअरच्या स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाला जोडलेलं असतं आणि चाकाबरोबर वर-खाली हलतं. म्हणजे खड्ड्यातून जाताना मागच्या शॉकअॅब्जॉर्बरला नुसतं चाक नाही, चाक अधिक इंजिन एवढा ऐवज सांभाळावा लागतो. म्हणून स्कूटरचा दणका मागे जास्त बसतो. आता मागे बसणारा माणूस कुठे बसतो, ते आठवा. बरोब्बर मागच्या चाकाच्या वर! चालवणारा दोन चाकांच्या मध्ये असतो, त्याला दणका अर्धाच कळतो. आई पडली तेव्हा मामा म्हणत होता, ‘अगं, मला तर काही जाणवलंच नाही.’ तो खोटं बोलत नव्हता.

त्यातून आडवं बसणं. एक पाय इकडे, एक तिकडे टाकून बसलेला माणूस मांड्यांनी सीट धरून ठेवतो. आडव्या बसलेल्या बाईला धरायला फक्त एक हात असतो, आणि त्या हातात बहुतेक वेळा पर्स नाहीतर पिशवी असते.

म्हणून दुसरा मुद्दा चाकाचा. चाक जितकं छोटं, तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं. बरीच वर्षं आपल्याकडे दोन्ही बाजूंना १० इंची चाकं असायची. आता चित्र बदललंय. अॅक्टिव्हाने २०२० मध्ये ११० सीसीच्या मॉडेलला पुढे १२ इंची चाक आणि टेलिस्कोपिक सस्पेन्शन दिलं, मागचं चाक १० इंचीच ठेवलं. ज्युपिटरसारख्या काही गाड्यांना दोन्ही चाकं १२ इंची असतात. बारामतीत बनणाऱ्या अॅप्रिलियाच्या स्पोर्टी स्कूटर्सना तर १४ इंची, पण त्यांचं सस्पेन्शन कडक आणि उंची माझ्या आवाक्याबाहेरची. आईला मागे बसवायचं तर मागचं चाकसुद्धा १२ इंची हवं, हे माझं ठरलं.

इलेक्ट्रिकचा मोह झाला होता. ज्या गाड्यांची बॅटरी पाय ठेवायच्या जागेखाली असते, त्यांचं वजन खाली राहतं आणि त्या छान बॅलन्स्ड वाटतात. पण आमच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट नाही आणि तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायला कमिटी परवानगी देत नाही. विषय संपला.

शेवटी ११० सीसीची, दोन्ही चाकं १२ इंची, पुढे डिस्क ब्रेक असलेली गाडी घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, नाहीतर तुम्ही लेख सोडून गाडीच बघायला जाल. कलर विचाराल तर ग्रे. मिळाला तो!

नाना पेठेतली दुपार

गाडी आली, पण आई काही बसेना. ‘बघू गं, नंतर’ म्हणायची. मग मी मॉडिफिकेशनच्या मागे लागले. पुण्यात टू-व्हीलरचं काहीही हवं असेल तर नाना पेठ. स्पेअर पार्ट, सीट कव्हर, आरसे, मॅट... एकाला लागून एक दुकानं. तिथे एक सीटवाले चाचा भेटले. मी म्हटलं, ‘चाचा, सीट एक इंच कमी करायचीय.’

त्यांनी मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, ‘ताई, मागे कोण बसतं?’

‘आई.’

‘मग त्यांना घेऊन या ना. माप दोघांचं लागतं.’

माप! मला हा शब्द जाम आवडला. दुसऱ्या दिवशी आई रिक्षाने नाना पेठेत आली. येते की नाही शंका होती, पण ‘टेलरकडे माप द्यायला जायचंय’ असं सांगितल्यावर तिला राहवलं नाही. चाचांनी गाडी मेन स्टँडवर लावली, मला बसवलं, आईला बसवलं, खडूने सीटवर खुणा केल्या.

मग जे झालं ते ऐका, कारण तुमच्याही उपयोगाचं आहे. सीट सरसकट एक इंच कापली की फोम पातळ होतो आणि खाली कडक पत्रा नाहीतर प्लॅस्टिक टोचायला लागतं. चाचांनी फक्त माझ्या जागेवरचा अर्धा इंच काढला, आणि तो काढून वरून जास्त घट्ट फोमचा थर चिकटवला. फोम मऊ म्हणजे आरामदायक, हा गैरसमज आहे. मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि मग हाडं दुखतात. उंची कमी करण्यापेक्षा त्यांनी सीटच्या पुढच्या दोन्ही कडा तासल्या. बस, पाय सरळ खाली! जिथे चवडे टेकत होते, तिथे टाच टेकायला लागली.

मागची जागा पुढच्या बाजूला थोडी उतरती होती. त्यामुळे ब्रेक मारला की मागचा माणूस पुढे घसरतो. ती सपाट केली. चकचकीत रेक्झिनऐवजी खडबडीत घेतलं, शिलाईच्या खाली प्लॅस्टिकचा कागद घातला. नाहीतर पावसाळ्यात फोम पाणी पितो आणि आपण तीन दिवस ओल्या सीटवर बसतो. सगळं मिळून साडेअकराशे रुपये. एका हॉटेलच्या बिलाएवढे.

बाकी बदल किरकोळ वाटतील, पण करून बघा. मागे धरायला जो बार होता तो इतका मागे होता की आईला हात वळवून धरावं लागायचं. तो बदलून बाजूला हात पोचेल असा बसवला. डाव्या बाजूला आडवं बसणाऱ्यांसाठीचं रुंद फूटरेस्ट लावलं. ओढणी-पदर चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड घट्ट करून घेतलं. मागे बसणाऱ्याचा आधार, फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं संरक्षण या गोष्टी मोटरसायकलवर असायलाच हव्यात, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात लिहिलंय. म्हणजे ते साडीगार्ड ‘काकूबाई’ दिसतं म्हणून काढून टाकणाऱ्यांनी जरा विचार करावा.

शेवटी शॉकअॅब्जॉर्बर. बऱ्याच नव्या स्कूटर्सच्या मागच्या शॉकअॅब्जॉर्बरला तीन खाचा असतात, स्प्रिंग कडक किंवा नरम करायला. गाडीबरोबर मिळणाऱ्या टूलकिटमधला पाना त्यासाठीच असतो. कंपनीतून गाडी येते ती एका खाचेवर, आणि तिथेच जन्मभर राहते. मी एकटी असले की पहिली खाच, आई असली की दुसरी. दोन मिनिटांचं काम. टायरमधल्या हवेचंही तसंच. माझ्या गाडीला पुढे २२, मागे एकटीसाठी २९ आणि डबलसीटला ३६. पेट्रोल पंपावरचा मुलगा न विचारता दोन्हीत ३५ भरतो, आणि मग आपण म्हणतो, गाडी किती उडते!

थांबायचं कसं?

गाडी पळवणं सगळ्यांना येतं. थांबवणं शिकावं लागतं. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टू-व्हीलरला १२५ सीसीपर्यंत कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस, आणि त्यापुढे एबीएस असणं सक्तीचं आहे. कॉम्बी ब्रेक म्हणजे डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. फार चांगली सोय. पण थोडाच लागतो, हे विसरायचं नाही. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे खरी थांबवायची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. आपल्यातले निम्मे लोक ‘पुढचा मारला तर उलटी होईल’ या भीतीने उजव्या हाताचा ब्रेक शोभेला ठेवतात. मग मागचं चाक घसरतं, आणि खापर टायरवर फुटतं.

मी एका रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर जाऊन फक्त ब्रेक मारायची प्रॅक्टिस केली. ताशी ३० वरून, मग ४० वरून. दोन्ही ब्रेक एकत्र, हळू सुरुवात करून मग जोर वाढवत, हँडल सरळ ठेवून. मग मैत्रिणीला मागे बसवून परत तेच. डबलसीट असताना गाडी थांबायला किती जास्त जागा लागते, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. रोडवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि ड्रेनेजच्या झाकणांवर पावसात ब्रेक मारायचा नाही, हे तर पुण्यात जन्मलेल्यांना सांगायला नकोच.

टायर बदलायची वेळ आली तर कंपनीने दिलेल्याच मापाचा घ्यायचा. ‘मॅडम, एक साईज रुंद टाका, ग्रिप मस्त मिळेल’ असं दुकानदार सांगतो. रुंद टायर जुन्या रिमवर नीट बसत नाही, त्याचा आकार बदलतो, वळताना गाडी जड वाटते, कधी कधी आत घासतोसुद्धा. त्यापेक्षा टायरवर बाजूला चार आकडे छापलेले असतात ते वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. टायर कुठल्या साली बनला ते कळतं. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला ‘नवा’ टायर घेऊ नका, बॉस!

अंबाडा आणि हेल्मेट

पुणं आणि हेल्मेट हा विषय काढला की चहा गार होतो. २०१९ च्या जानेवारीत सक्तीची मोहीम सुरू झाली तेव्हा विरोधात आंदोलनं झालेली आपण पाहिली. पण मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम चालवणारा आणि मागचा असा भेद करत नाही. आणि डोकं तर अजिबातच करत नाही.

आईची अडचण वेगळी. तिचा अंबाडा! हेल्मेट डोक्यावर चढायचं, पण अंबाड्यामुळे मागून उचललं जायचं आणि कपाळ झाकायचंच नाही. असं तरंगणारं हेल्मेट असून नसल्यासारखं. दुकानदार म्हणाला, ‘एक साईज मोठी देतो.’ तीच तर चूक. मोठं हेल्मेट पडल्यावर डोक्यावर राहतच नाही. मी घरी टेपने भुवयांच्या वरून आईच्या डोक्याचा घेर मोजला आणि त्याच मापाचं, आयएसआय मार्कचं, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणलं. अंबाडा आईने स्वतःच खाली, मानेजवळ आणला. नंतर वेणी घालायला लागली. ‘कॉलेजात घालायचे,’ म्हणाली.

हेल्मेट घालून गाल आत दाबले जायला हवेत, मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हलायला हवं आणि पट्टा लावलेला हवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे टोपी. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बदलायचं, कारण आतलं थर्मोकोल एकदाच दणका झेलतं.

काय केलं नाही

याच गाडीला काय काय करता आलं असतं, याची यादी मोठी आहे. निळसर पांढरा झगझगीत एलईडी बल्ब, आवाज करणारा सायलेन्सर, छोटे ‘कूल’ आरसे, चारी बाजूंनी लोखंडी गार्ड. सगळ्यांना नाही म्हटलं. साध्या हेडलाइटमध्ये भलता बल्ब टाकला की उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि वायरिंग कापून जोडल्यावर शॉर्टसर्किटची धास्ती वेगळी. जड गार्डमुळे वजन वाढतं, गाडी रुंद होते आणि ट्रॅफिकमध्ये दुसऱ्याच्या गुडघ्यात अडकते. सीट कमी उंच वाटावी म्हणून आखूड शॉकअॅब्जॉर्बर टाकायचा सल्लाही मिळाला होता. तो तर अजिबात नको. गाडीचं पोट खाली येतं, स्पीडब्रेकरला घासतं, वळताना हँडलची वागणूक बदलते.

कायद्याचाही भाग आहेच. आरसीमध्ये नोंदवलेलं आणि कंपनीने दिलेलं जे मूळ आहे, ते बदलायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली मनाई आहे. इंजिन, फ्रेम, सायलेन्सर यांना हात लावला की पोलिसांचा प्रश्न एकीकडे, इन्शुरन्सचा क्लेम अडकण्याची शक्यता दुसरीकडे. माझा साधा नियम : अंगाला जिथे गाडी टेकते तिथे बदल करायचा. सीट, ग्रिप, फूटरेस्ट, आरशांचा अँगल. बाकी गाडी इंजिनीअर्सनी विचार करून बनवलेली असते, ती तशीच राहू द्यायची.

सगळ्यात अवघड बदल

एवढं सगळं करूनही आई महिनाभर बसली नाही. मी मागे लागले नाही. चाचांनी त्या दिवशी माप घेताना तिला सहज एक गोष्ट सांगितली होती. ‘मावशी, सीट मी चांगली करून देईन. पण आडवं बसलं की माणसाला सीट धरता येत नाही. सरळ बसाल तर पडणारच नाही तुम्ही.’ आई तेव्हा हसली होती. वर्षानुवर्षं साडी नेसलेली बाई, पाय टाकून बसणार? कॉलनीत? माझ्या आजीने तिला सायकलसुद्धा शिकू दिली नव्हती.

मग एका सोमवारी घरी आले तर सोफ्यावर दोन नवे पंजाबी ड्रेस. टेलरकडून आलेले. एक चटणी कलरचा, एक निळा. मी काही विचारायच्या आत आईच म्हणाली, ‘क्लासला साडीच लागते असं कुठे लिहिलंय? त्या जोशीबाई तर पँट घालून येतात.’

बुधवारी ती मागे बसली. सरळ. दोन्ही पाय दोन बाजूंना, ओढणी कमरेला गाठ मारून, पेटीची वही पाठीवरच्या सॅकमध्ये, दोन्ही हात मोकळे. कर्वे रोड येईपर्यंत तिने माझे खांदे इतके घट्ट धरले होते की संध्याकाळी दुखत होते. नळ स्टॉपच्या पुढे पकड थोडी सैल झाली. परत येताना तिने एक हात काढून चष्मा सारखा केला.

याला आता आठ महिने झाले. आडवं बसण्याचं ते रुंद फूटरेस्ट मी काढून ठेवलंय, कारण सरळ बसणाऱ्याच्या पोटरीला ते लागतं. लग्नाकार्याला साडी असली की आम्ही रिक्षा करतो. साडी नेसून स्कूटरवर बसायचं नाही, हा नियम आईने स्वतः केलाय. शनिवारचा क्लासही परत सुरू झाला. गेल्या महिन्यात मी बाहेरगावी होते तर तिने रिक्षाने जाण्याऐवजी शेजारच्या मुलीला विचारलं, ‘तुझी गाडी १० इंची आहे की १२?’ ती बिचारी अजून गोंधळलेलीच आहे.

आणि स्पीडब्रेकर? घरापासून क्लासपर्यंत १९ आहेत. त्यातले सात बिनपट्ट्यांचे. हे मला माहीत नव्हतं, आईने मोजलेत. प्रत्येकाच्या वीसेक फूट आधी ती मागून हेल्मेटवर टकटक करते, मी ताशी १५ वर येते, आणि ती गुडघे आवळते. मागच्या बुधवारी तिने दोनदाच टकटक केली. विचारलं तर म्हणाली, ‘तुला आता पाठ झालेत की!’